डोक्यावरची मोळी आणि डोक्याची गोळी



नोव्हेंबरात साखर कारखाने सुरू झाले की शिरोळ, हातकणंगले, कागल या भागांत उसाच्या फडांजवळ कोप्या उभ्या राहतात. बीडकडची मंडळी त्यांत जास्त, पण नंदुरबार-धुळ्याकडची काही आदिवासी कुटुंबेही असतात. औषधांची पेटी घेऊन तळावर गेले की बायकांची पहिली मागणी ठरलेली : "ताई, डोक्याची गोळी द्या."

अनेक वर्षे मी ती देत आले. मागच्या हंगामात एका बाईला सहज विचारले, गोळ्या किती लागतात? रोज एक, आणि गाडी भरायची असली तर दोन, असे ती म्हणाली. थोड्या दुकानातून, थोड्या मुकादमाकडून आणि उरलेल्या आमच्या पेटीतून. म्हणजे त्यात आमचाही वाटा होता.

पॅरासिटामॉलसारखी साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर तीच डोके दुखवू लागते. मिश्र गोळ्यांची मर्यादा तर १० दिवसांचीच. गोळीचा अंमल उतरला की दुखते, म्हणून पुन्हा गोळी. हे चक्र थांबवले की पहिले काही दिवस दुखणे उलट वाढते, आणि तिथेच माणूस हार मानतो. त्यामुळे डॉक्टरांना विचारून, घरच्यांना सांगून थांबवावे.

मूळ दुखणे बहुतेक वेळा ताणाचे असते. कपाळाभोवती फडके आवळून बांधल्यासारखे, दोन्ही बाजूंना, ठणका नसलेले. अर्धशिशीत एक बाजू ठणकते, उलट्या होतात, उजेड नकोसा होतो, ते वेगळे. आता या बायकांचा दिवस पाहा. पहाटे चारला उठणे, रिकाम्या पोटी फडात जाणे, वाकून ऊस तोडणे आणि मग चुंबळीवर वीस-तीस किलोंची मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणे. मान आणि खांदे दिवसभर ताठ. त्यात शौचाला आडोसा नाही म्हणून पाणी मुद्दाम कमी प्यायचे. उचल फिटेल का, ही काळजी वेगळीच. अशा डोक्याला केवळ बाम चोळून काय होणार?

तरीही बामला मी नावे ठेवणार नाही. जर्मनीतील कील येथे १९९६ साली झालेल्या एका अभ्यासात पुदिन्याचे १० टक्के तेल अल्कोहोलमध्ये मिसळून कपाळाला व कानशिलांना लावले, तेव्हा ताणाच्या डोकेदुखीत हजार मिलिग्रॅम पॅरासिटामॉलइतका आराम पडला. अभ्यास लहान होता, पण उपाय स्वस्त आहे. डोळ्यांपासून दूर लावावे, आणि तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ तर मुळीच नको. कापूर असलेला बाम किंवा तेल लेकरांच्या हाती लागू देऊ नये. पोटात गेल्यास झटके येतात. सुंठ उगाळून लावलेला लेप उब देतो, बरे वाटते, लावायला हरकत नाही. बिबा मात्र नको, कातडी भाजते. डाग देण्याला तर ठाम नकार द्यावा.

सगळ्यांत उपयोगी पडले ते मानेचे काम. संध्याकाळी गरम पाण्यात पिळलेले फडके मानेवर व खांद्यांवर पंधरा मिनिटे ठेवायचे. मग खांदे कानांपर्यंत उचलून पाच मोजेपर्यंत आवळायचे आणि एकदम सोडायचे; तसेच मुठी, जबडा, कपाळ. अमेरिकेतील डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली ग्रंथ लिहून मांडलेली ही पद्धत. आमच्या तळावर तिला "आवळ-सोड" म्हणतात आणि बायका हसत हसत करतात. फडात जाण्याआधी भाकरीचा तुकडा खाल्ला तरी फरक पडतो. शहरातील वाचकांपैकी ज्यांना वारंवार त्रास होतो, त्यांच्यासाठी फिजिओथेरपी आहे. ॲक्युपंक्चरचाही पर्याय आहे. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात जुनाट दुखण्यासाठी त्याच्या दहापर्यंत बैठका सुचवल्या आहेत.

काही दुखण्यांत मात्र घरगुती उपायात वेळ घालवू नये. अचानक उठलेली भयंकर कळ, तापासोबत ताठ मान, डोक्याला मार, हातापायातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले दुखणे. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचे डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. लगेच १०८ ला फोन करावा.

एक विनंती. पेटीसाठी गोळ्यांची पाकिटे पाठवणाऱ्या बंधुभगिनींनी या हंगामात त्याऐवजी झाकणाचे पाण्याचे कॅन आणि जाड सुती कापड पाठवावे. चुंबळी आम्ही तळावरच शिवून घेऊ. शौचाच्या आडोशासाठी ताडपत्री मिळाली तर फारच उत्तम. ती बाई यंदा परत आली आहे. आठवड्यातून एखादी गोळी अजून मागते. मी देते, आणि वहीत लिहून ठेवते.