प्रयोगाकडून प्रश्नाकडे: सातारा-सांगलीचे एक शतक

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आणला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. सुरुवातीचे नांगर खपता खपत नव्हते. पुढे 1910 मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 मध्ये तिथूनच ‘किर्लोस्कर’ मासिक निघू लागले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे निबंध याच मासिकातून मराठी घरांत पोहोचले. एकाच वाडीतून यंत्रही बाहेर पडले आणि विचारही.

पुढच्या काळात हे दोन्ही धागे साताऱ्याच्या दाभोलकर घराण्यातल्या दोन भावांनी हाती घेतले.

थोरले श्रीपाद दाभोलकर गणिताचे अध्यापक. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त शेतकरी स्वतःच संशोधक होता. त्याने बागेत पाहावे, मोजावे, नोंदवावे आणि दुसऱ्या बागायतदाराला सांगावे. तासगावच्या द्राक्षपट्ट्यात हे बीज रुजले. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते, त्या काळात ऊन कमी पडले तर घड घटतात, हे इथला बागायतदार आज सहज सांगतो. बिनबियांच्या मण्यात वाढीचे संप्रेरक कमी, म्हणून ‘जीए’ची (जिबरेलिक ॲसिडची) फवारणी, तीही पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मोजून. थॉमसन सीडलेसमधून निवडलेला ‘तास-ए-गणेश’ हा वाण तासगाव तालुक्यातल्या बोरगावचा. वसंतराव आर्वे या शेतकऱ्याच्या नजरेने तो हेरला. वनस्पतिशास्त्र इथे पारावरच्या गप्पांत आले.

धाकटे डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. साताऱ्यातला दवाखाना सोडून ते समाजकार्यात उतरले आणि 1989 मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीचे कार्यकर्ते गावोगाव पाण्याने दिवा पेटवून दाखवत आणि लगेच कारणही सांगत: कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि तो जळतो. ‘चमत्कार’ उलगडला की बुवाची भीतीही ओसरते, हा त्यामागचा विचार. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला.

या शतकाकडे वळून पाहताना मला एक गोष्ट ठळक दिसते. बागेत तपासून पाहण्याची सवय लवकर लागली, कारण चुकीचा हिशेब त्याच हंगामात अंगावर येतो. घरात, देवळात, आजारपणात मात्र तीच सवय अजून कच्ची आहे. पान-देठ परीक्षणाशिवाय खत न टाकणारा माणूसही मूल तापले की अंगारा लावतो. विज्ञान हाताळता येणे आणि विज्ञानाने विचार करता येणे यांतले हे अंतर भरायचे, तर दोन्ही भावांचे काम एकत्रच पुढे न्यावे लागेल.

20 ऑगस्ट हा दिवस 2018 पासून राष्ट्रीय वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी गावच्या शाळेत नुसती भाषणे नकोत. एखाद्या बागायतदाराला काडी घेऊन बोलवा, एखाद्या कार्यकर्त्याला पाण्याचा दिवा पेटवू द्या, आणि मुलांना मनसोक्त प्रश्न विचारू द्या.