लेक परदेशी निघाली, विम्याचा कागद पाहिलात का?

जून-जुलै उजाडला की आमच्या गंगापूर रोडला घरोघरी एकच लगबग सुरू होते. कुणाची मुलगी जर्मनीला, कुणाचा मुलगा अमेरिकेला. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, छोटा कुकर, दोन जाड स्वेटर. बॅग पुन्हा पुन्हा काट्यावर चढवून आया दमून जातात. कर्जाचे कागद वडील बघतात, तिकिटाचं मुलं स्वतःच मोबाईलवर उरकतात. मध्ये राहून जातो तो एकच कागद, आजारपणाच्या विम्याचा. ‘‘ते युनिव्हर्सिटी बघते गं,’’ असं म्हटलं की विषय संपला!

मैत्रिणींनो, हा कागद खरं म्हणजे आपण वाचायला हवा. कुणाची अक्कलदाढ ठणकते, कुणाला धुळीनं धाप लागते, कुणाची पाळी चार-चार महिने चुकते, हे आईइतकं घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक असतं? आणि विम्याचे सगळे वाद नेमके इथंच होतात.

देश तसा विमा

जर्मनी नाशिककरांना परकी नाही. सातपूरच्या बॉशला जुनी मंडळी अजून ‘मायको’च म्हणतात. तिकडे आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नावच दाखल होत नाही. तिथल्या सरकारी पद्धतीच्या विम्यात 30 वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना सवलतीचा हप्ता असतो, महिना दीडशे युरोंच्या आसपास. जुनी दुखणी असली तरी ते नाकारत नाहीत. खासगी विमा स्वस्त दिसतो म्हणून मुलं तिकडे वळतात. पण एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही, हे आधीच समजून घ्यावं. शिवाय विमानात बसल्यापासून नाव दाखल होईपर्यंतच्या दिवसांसाठी वेगळा प्रवास विमा लागतो.

ब्रिटनची तऱ्हा निराळी. तिथं सहा महिन्यांहून मोठ्या अभ्यासक्रमासाठी व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी 2024 पासून विद्यार्थ्यांना तो वर्षाला 776 पौंड आहे. एम.ए., एम.एस्सी.चं शिक्षण एक वर्षाचं असलं तरी व्हिसा सहसा त्याहून काही महिने जास्त मिळतो, त्यामुळे दीड वर्षाचे 1164 पौंड धरून ठेवावेत. एकदा ते भरले की सरकारी दवाखाना आणि इस्पितळ यांचं बिल येत नाही. दात, चष्मा, आणि इंग्लंडमध्ये औषधाची चिठ्ठी, यांचे मात्र पैसे पडतात. पोचल्याबरोबर जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचं असतं. ते पुष्कळ मुलं ताप भरेपर्यंत करत नाहीत.

ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांसाठी खास विमा आहे आणि व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा तो घ्यावाच लागतो. आधीपासूनच्या दुखण्यांसाठी 12 महिन्यांपर्यंत थांबावं लागतं. दात आणि चष्मा त्यात साधारणतः धरत नाहीत. कॅनडात प्रांताप्रांताचे नियम वेगळे. अल्बर्टात वर्षाहून मोठा परवाना असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी योजना मिळते, ऑन्टारिओत मिळत नाही, तिथं विद्यापीठांचा विमा असतो. म्हणून ‘कॅनडाला चाललाय’ एवढं पुरत नाही, कुठल्या प्रांतात ते विचारा.

अमेरिकेचा हिशेब

सगळ्यात घोळ अमेरिकेत. तिथं विद्यार्थ्यांसाठी सरकारी विमा नाही, बहुतेक विद्यापीठं स्वतःची योजना घ्यायला लावतात. बाहेरचा विमा चालत असेल तर ठराविक तारखेच्या आत तसा अर्ज करावा लागतो. तारीख हुकली की विद्यापीठाचा हप्ता फीमध्ये लागलाच म्हणून समजा.

पण विमा आहे म्हणजे बिल शून्य, असं नसतं. समजा इस्पितळाचं बिल 10,000 डॉलर झालं. पहिले 500 डॉलर आपले, याला ‘डिडक्टिबल’ म्हणतात. उरलेल्या 9,500 पैकी 20 टक्के आपला वाटा, म्हणजे 1,900. एकूण 2,400 डॉलर आपल्या खिशातून गेले! शिवाय विमा कंपनीच्या यादीतला डॉक्टर नसेल तर हा वाटा आणखी वाढतो. म्हणून हप्ता किती एवढंच न बघता तीन आकडे विचारावेत: सुरुवातीचा आपला भाग किती, नंतरचे टक्के किती, आणि वर्षभरात आपल्यावर जास्तीत जास्त किती बोजा पडेल.

साध्या तापा-खोकल्याला विद्यापीठाच्या दवाखान्यात जावं. रात्री-अपरात्री थेट इस्पितळाच्या तातडीच्या विभागात गेलं तर बिल कितीतरी पट होतं. जीव घाबरा झाला तर मात्र पैशांचा विचार न करता तिथंच जायचं. 1986 च्या कायद्याप्रमाणे तातडीच्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणं अशा इस्पितळांना भाग आहे. बिल मागाहून येतं.

इथली पॉलिसी घ्यावी का?

आपल्याकडच्या कंपन्याही परदेशी शिकणाऱ्यांसाठी पॉलिसी देतात. हप्ता कमी, रुपयात भरता येतो, आणि पासपोर्ट हरवणं, सामान हरवणं हेही पुष्कळदा त्यात धरलेलं असतं. पण जुन्या दुखण्यांना त्या बहुधा हात लावत नाहीत, आणि प्रत्येक विद्यापीठाला त्या चालतातच असं नाही. आधी विद्यापीठाला लेखी विचारावं, मगच पैसे भरावेत. घरची नेहमीची मेडिक्लेम मात्र सहसा भारतातल्याच उपचारांना चालते, तिच्यावर विसंबू नये.

लपवाछपवी नको

आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलीला लहानपणापासून दमा. अमेरिकेला निघाली तेव्हा पॉलिसीच्या अर्जात जुन्या आजाराचा रकाना आला. एजंट म्हणाला, ‘‘नाही लिहा, कशाला झंझट?’’ वहिनींनाही तेच हवं होतं. त्या मला हळूच म्हणाल्या, ‘‘उद्या स्थळं बघायची आहेत हो. दम्याचा बोभाटा कशाला?’’

त्यांची भीती मला कळत होती. आपल्याकडे मुलीचं दुखणं ही घरातल्या घरात ठेवायची गोष्ट असते. शेवटी त्यांच्या घरच्या डॉक्टरांनीच समजावलं, ‘‘वहिनी, विम्याचा अर्ज स्थळांकडे जात नाही. पण मध्यरात्री धाप लागली आणि दमा जुना निघाला, तर कंपनी हात वर करील. मग बिल कोण भरणार?’’ खरं लिहिल्यावर इथल्या कंपनीनं दमा वगळूनच पॉलिसी देऊ केली. तेव्हा महाग असूनही विद्यापीठाची योजना घेतली, कारण तिच्यात जुनी दुखणी धरलेली होती. वहिनींच्या बांगड्या वर्षभर लांबल्या. पण पहिल्याच थंडीत मुलीला धाप लागली, तेव्हा ती न घाबरता विद्यापीठाच्या दवाखान्यात गेली आणि आपला ठरलेला वाटा भरून औषध घेऊन आली.

परदेशी शिकायला गेलेल्या लेकीची तब्येत हा आपल्याकडचा फार जुना घोर आहे. आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला गेल्या. कार्पेंटरबाईंसारखी मायेची माणसं तिथं भेटली, तरी तिथल्या मुक्कामात तब्येत खालावत गेली. 1886 च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, पुण्यात क्षयानं गेल्या. आज औषधं आहेत, विमा आहे. त्यांचा उपयोग करून घेणं आपल्या हाती आहे.

निघण्यापूर्वी

1. दात, डोळे आणि रक्त इथंच तपासून घ्या. दाढ काढायची असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी.
2. लसींचे दाखले शोधा. अमेरिकेतली विद्यापीठं ते बहुधा मागतात.
3. रोजची औषधं मूळ वेष्टनात, हातातल्या बॅगेत ठेवा. डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या. त्यात औषधाचं मूळ नाव हवं, कंपनीचं नाव तिकडे कळत नाही.
4. मन उदास झालं तर सल्ला आणि उपचार विम्यात आहेत का, ते विचारा. पहिल्या वर्षी एकटेपणा फार जाणवतो.
5. मूल 18 वर्षांचं झालं की अमेरिकेतले डॉक्टर त्याच्या संमतीशिवाय आई-वडिलांनाही सहसा काही सांगत नाहीत. संमतीचा फॉर्म तिथं पोचताच भरायला सांगा.
6. पॉलिसीचा नंबर, मदतीचा फोन आणि शेवटची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा. मुदत संपायच्या महिनाभर आधी आठवण करा.

लेक पोचल्यावर पहिल्या फोनवर आपण विचारतोच, ‘‘जेवलीस का गं?’’ त्याच दमात हेही विचारा, ‘‘विम्याचं कार्ड हातात आलं का? डॉक्टर कुठं आहे ते पाहून आलीस का?’’ ती हसेल, ‘‘आई, तू पण ना!’’ म्हणेल. म्हणू द्या. पण उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवू नका.