फाशांच्या खेळातील जग आणि जाम नदीचा काठ

चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसावे, प्रत्येकाने एका कल्पित व्यक्तीची भूमिका घ्यावी आणि सर्वांनी मिळून एक कथा घडवावी, अशा खेळाला भूमिकाखेळ म्हणतात. सूत्रधार प्रसंग मांडतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात आणि जिथे यशापयशाची शाश्वती नसते तिथे निर्णय फाशांवर सोपवला जातो. १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मुळे हा प्रकार जगभर पोहोचला. त्यातील बहुतेक जगे मात्र युरोपीय मध्ययुगाच्या छायेत वाढली. तटबंदीचे किल्ले, चिलखती सरदार आणि आग ओकणारे ड्रॅगन हीच त्यांची ओळख राहिली.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या खेळातून टेकुमेल नावाचे एक निराळे जग समोर आले. त्याचे कर्ते एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे प्राध्यापक होते आणि त्यांनी उर्दूची पाठ्यपुस्तकेही लिहिली होती. टेकुमेलच्या आकाशात तारे नाहीत. लोखंड दुर्मीळ असल्यामुळे शस्त्रे एका प्राण्याच्या कातड्यावर प्रक्रिया करून बनवतात. कुळ, पद, मंदिर आणि शिष्टाचार यांनी माणसाचे स्थान ठरते. या जगातील एका साम्राज्याच्या भाषेला स्वतंत्र व्याकरण आणि लिपीही आहे. परक्याने तिथे तलवारीपूर्वी रीतिरिवाज शिकून घ्यावे लागतात, हे टेकुमेलचे खरे वैशिष्ट्य. आजही त्याचे चाहते थोडे आहेत. त्याची प्रशंसा करताना एक कटू सत्यही सांगावे लागते. बार्कर यांनी टोपणनावाने नाझी विचारांची एक कादंबरी लिहिली होती, हे त्यांच्या वारशाची जपणूक करणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये मान्य केले. कृतीचे मोल जाणताना कर्त्याचा हा डाग झाकता येत नाही.

जग उभे राहते ते तेथील रीती, श्रद्धा आणि सीमा यांवर, हा टेकुमेलचा धडा मराठी मुलखात लावून पाहायचा तर पांढुर्णा आणि सौंसर यांच्याकडे वळावे. नागपूरच्या उत्तरेला असलेला हा संत्र्यांच्या बागांचा प्रदेश १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा करून सौंसरसह पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि आसपासच्या डोंगराळ भागात गोंडी, असा येथील भाषांचा व्यवहार आहे. छिंदवाड्याच्या परिसरात गोंड राजांचे देवगड आहे. तेथील बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर शहर वसवले. सौंसरजवळच्या जामसावळीला पिंपळाखाली निद्रिस्त हनुमानाची मूर्ती आहे. जमिनीत दडलेल्या धनाच्या रक्षणासाठी उभी मूर्ती आडवी झाली, अशी लोकश्रद्धा आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीत पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून गोटमार सुरू होते. पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची तरुणी पळून जाताना नदीत अडकली, दोन्हीकडून दगड आले आणि दोघेही मरण पावली, अशी यामागची दंतकथा सांगतात. अखेरीस झेंडा चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होतो. या प्रथेत दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी दगडच उचलले.

टेबलाभोवती हीच कथा खेळली तर काय घडेल? एक खेळाडू ती तरुणी होईल, दुसरा तिचा भाऊ, तिसरा पलीकडच्या काठावरचा वृद्ध. नदीला पाणी चढते आहे आणि पहिला दगड अजून कोणाच्या तरी हातातच आहे, असे सूत्रधार सांगेल. मग भावाला बहिणीच्या बाजूने उभे राहता येते, वृद्धाला मध्यस्थी करता येते आणि फासे उलटे पडले तरी कोणाचे डोके फुटत नाही. गोटमारीत ज्या दोघांचा केवळ स्मृतिदिन उरला आहे, त्यांना इथे बोलता येते. एका खेळाने शतकांची प्रथा थांबेल, असा दावा कोणी करू नये. तरीही दंतकथेचा शेवट बदलण्याची मुभा गोटमार देत नाही. ती अशा खेळात मिळते.

माशेलच्या चिखलकाल्यात श्रीकृष्णाचे बालखेळ दरवर्षी चिखलात खेळणाऱ्या गोव्याला कथा खेळून जगणे नवे नाही. सीमेपलीकडच्या मराठी मुलखातील या कथा कोणी जुळवून त्यांचे कुळाचार, देवस्थाने आणि बोलीसह मांडल्या, तर मराठीत खेळण्याजोगे एक जग सहज उभे राहील. त्याचा नकाशा जाम नदीच्या दोन काठांपासून सुरू करता येईल.