वाचोपचाराची विद्या आणि तिचे आधार
तीन वर्षांचें मूल बोलत नसलें, तर घरांतील आजी म्हणते, "बापहि उशिरांच बोलला!" यांत मोलाचे महिने जातात. वाचोपचारतज्ज्ञ हवेत, आणि त्या शिक्षणाची सोय वाकोल्याहून फार दूर नाहीं. वांद्र्याच्या रिक्लेमेशनवर अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. पदवी चार वर्षांची. पैकीं शेवटचें वर्ष प्रत्यक्ष कामाचें.

पुढें १९९२ च्या कायद्यान्वयें भारतीय पुनर्वसन परिषदेच्या पटावर नांव लागतें. त्यावांचून व्यवसाय केल्यास वर्षापर्यंत कैद वा हजारापर्यंत दंड. पालकांस हा जाच वाटेल. आम्हांस मात्र तो विद्यार्थ्याचा आधारच वाटतो, कारण भोंदूंची स्पर्धा त्यानें अडते. इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशनच्या वार्षिक परिषदेंत तर विद्यार्थ्यांसहि निबंध वाचतां येतो.

परंतु पुस्तकें इंग्रजी, आणि समोरचें मूल 'बाळा'स 'बाला' म्हणणारें! इंग्रजींत 'ळ' नाहींच. तो वळवावा कसा, हें त्या पुस्तकांत कोठून सांपडणार? मराठी शब्दांच्या व चित्रांच्या याद्या विद्यार्थ्यांच्या हातीं देणें, हें काम आमच्या मतें या संस्थांनीं आधीं हातीं घ्यावें. ज्यांच्या घरीं बोबडें नातवंड आहे, त्यांनीं त्याचे बोल तारखेनिशीं टिपून ठेवावे. शिकणाऱ्यांस तेहि उपयोगी पडतील.