शहरांचा उकिरडा आणि त्याचा निकाल (लेखांक ४) : जाळणे निराळे, इंधन करणे निराळे

ज्याचे खत होत नाही आणि ज्याला भंगारवालाही हात लावीत नाही, अशा फरसाणाच्या बहुपदरी पाकिटांचे, चिंध्यांचे आणि झिजलेल्या चपलांचे करावे तरी काय, हा मागील लेखांकाच्या अखेरीस उरलेला प्रश्न जाळून सोडविता येईल, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. दिल्लीकरांनाही ते वाटले होते. तेथे तिमारपूर येथे डॅनिश तंत्राच्या आधारे दररोज ३०० टन कचरा जाळून वीज काढणारी भट्टी १९८७ मध्ये मोठ्या अपेक्षेने उभारण्यात आली, आणि अल्पावधीतच तिला टाळे लावण्याची पाळी आली. कारण किलोमागे किमान १,४६२ किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा तिला हवा होता, आणि प्रत्यक्षात तिच्या तोंडी पडणारा माल जेमतेम सहाशे-सातशेचा निघाला.

यात यंत्राचा दोष शोधणे व्यर्थ आहे. आपल्याकडील कागद आणि पुठ्ठा कचरावेचक आधीच उचलून नेतात. मागे राहतात ती भाजीपाल्याची देठे, माती, राख आणि निम्म्याच्या आसपास पाणी. आणि एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी खर्ची पडतात; ओले सरपण फुंकणाऱ्या गृहिणीला जे ठाऊक असते, ते त्या भट्टीच्या अंदाजपत्रकात कोठे नमूद झालेले दिसत नाही.

म्हणून कचऱ्याचे इंधन करावयाचे, म्हणजे मुख्यतः त्यातील जे जळत नाही ते काढून टाकावयाचे. ट्रॉमेल नामक फिरत्या चाळणीतून माती गळते, चुंबक लोखंड ओढून घेतो, हवेच्या झोताने हलका माल जडापासून वेगळा होतो, आणि वाळवून, कातरून, गठ्ठे बांधून जे उरते, त्यास कारखानदार ‘आरडीएफ’ म्हणतात. किलोमागे १,५०० किलोकॅलरी वा अधिक उष्णता देणारा आणि पुनर्वापरास निरुपयोगी असा कचरा क्षेपणभूमीत पुरू नये, आणि अशा इंधनाच्या प्रकल्पापासून १०० किलोमीटरच्या हद्दीतील इंधन वापरणाऱ्या कारखान्यांनी आपल्या इंधनाचा किमान ५ टक्के हिस्सा त्यातून भागवावा, अशी तजवीज २०१६ च्या केंद्रीय नियमांनी केली.

या मालास सर्वांत सोयीचे गिऱ्हाईक म्हणजे सिमेंटचा कारखाना. त्याच्या भट्टीतील ज्वाला २,००० अंश सेल्सिअसच्या घरात जाते, आणि जळून उरलेली राख चुनखडी भाजून होणाऱ्या क्लिंकरमध्येच मिसळून जात असल्याने तिच्यासाठी निराळी जागा शोधावी लागत नाही. परंतु चंद्रपूरसारख्या सिमेंटच्या मुलखापासून मुंबई कित्येक शे किलोमीटर दूर आहे. आणि हे गठ्ठे वजनाला हलके व आकाराने अवाढव्य असल्यामुळे, मालाच्या किमतीपेक्षा मालमोटारीचे भाडेच जड होते. ते भाडे नगरपालिकेने द्यावे की कारखान्याने, या वादात गठ्ठे पावसात भिजू दिले, तर वाळवणीवरचा सारा खर्च पाण्यातच गेला म्हणावयाचा.

दुसरी अडचण क्लोरीनची. पीव्हीसीच्या तुकड्यांतून आणि, गंमत अशी की, खरकट्यातील साध्या मिठातूनही तो भट्टीत शिरतो. त्याचे क्षार तप्त भागात वायुरूप होतात, वर कच्चा माल आधी तापविणाऱ्या प्रीहीटरच्या त्यामानाने थंड भागात पुन्हा घट्ट होऊन भिंतींना चिकटतात आणि वाट बुजवितात. त्यावर उपाय म्हणून काही वायू आडवाटेने बाहेर काढण्याची सोय करता येते, परंतु त्यासोबत उष्णताही निघून जाते. म्हणून जाणता कारखानदार गठ्ठा स्वीकारण्यापूर्वी त्याची उष्णता मोजतो, त्याचप्रमाणे ओलावा आणि क्लोरीनही मोजून घेतो.