मोठे टायर आणि एक गुणोत्तर

पावसाळ्याच्या तोंडावर वरठीच्या एका मित्राने आम्हाला बोलावून घेतले. हे गृहस्थ माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आता धानाची शेती पाहतात. त्यांच्याकडे एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह पिकअप आहे. तिचे टायर गुळगुळीत झाले होते आणि बदलणे भागच होते. "या वेळी मोठेच टाकतो म्हणतो. रोवणीच्या दिवसांत बांधीजवळ दरवर्षी गाडी फसते," ते म्हणाले. दुकानदाराने मोठे टायर सवलतीत देऊ केले होते. आधी मागचे दोन घ्या, पुढचे दिवाळीनंतर बदलू, असेही त्याने सुचवले होते. आगाऊ रक्कम देण्याआधी मित्राला आमचे मत हवे होते. गाडीत धानाची पोती जातात तशी रोवणीची माणसेही बसतात, त्यामुळे प्रश्न केवळ पैशाचा नव्हता.

आमचे संशोधनाचे क्षेत्र मोटारगाड्यांचे नाही. पण या प्रश्नाला लागणारे बहुतेक भौतिकशास्त्र नववी-दहावीच्या पुस्तकात असते. तेव्हा वही-पेन्सिल घेऊन बसलो.

जुन्या टायरवर 215/75 आर 15 असे कोरलेले होते. टायरची रुंदी 215 मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या 75 टक्के, आणि रिमचा व्यास 15 इंच. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी करणारे हे लेबल आठवीच्या वर्गाला उदाहरण म्हणून द्यायला उत्तम आहे. कडेची उंची 161 मिलिमीटर, ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, त्यात रिमचे 381 मिळवायचे. एकूण व्यास येतो सुमारे 703 मिलिमीटर. दुकानदाराचा टायर होता 31 × 10.50 आर 15. यात पहिला आकडा सरळ एकूण व्यासाचा, इंचांत. म्हणजे 787 मिलिमीटर. दोन्हींचे गुणोत्तर 1.12. पुढचा जवळजवळ सगळा हिशेब या एका आकड्यावर चालतो.

पहिला परिणाम मीटरवर. गाडीचा वेगदर्शक रस्ता मोजत नाही, फिरणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हे त्याला कारखान्यात एकदाच सांगून ठेवलेले असते. चाक मोठे केले की एका फेऱ्यात जास्त अंतर कापले जाते, आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. काटा 60 वर असताना खरा वेग 67 असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वेगदर्शकाने खऱ्या वेगापेक्षा थोडे जास्त दाखवलेले चालते, कमी मात्र कधीही चालत नाही. मोठ्या टायरने नेमके हेच होऊ शकते. मोठे टायर टाकल्यावर "गाडीचे ॲव्हरेज पडले" अशी तक्रार पुष्कळजण करतात. तिच्यातला काही भाग डिझेलचा असतो, पण काही निव्वळ मीटरचा असतो: शंभर किलोमीटर गेलो तरी मीटर 89 च दाखवतो.

वरठीच्या वाचकांना याचे मोठे उदाहरण रोज डोळ्यांसमोर दिसते. गावातले भंडारा रोड स्टेशन हावडा-नागपूर-मुंबई मार्गावर आहे. तिथून धडधडत जाणाऱ्या विद्युत इंजिनाचे नवे चाक 1092 मिलिमीटर व्यासाचे असते आणि ते झिजत झिजत, पुन्हा पुन्हा कातले जाऊन 1016 पर्यंत येते. फरक सात टक्क्यांचा. म्हणून इंजिनाच्या वेगनोंदणी यंत्रात चाकाचा चालू व्यास वेळोवेळी भरावा लागतो. रेल्वे ही काळजी घेते. आपल्या गाडीत ती घ्यायची सोय बहुधा नसते.

दुसरा परिणाम ओढण्याच्या ताकदीवर. इंजिन आणि गिअर मिळून चाकाच्या आसाला टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतात. रस्त्यावर पुढे ढकलणारे बल म्हणजे हा टॉर्क भागिले चाकाची त्रिज्या. त्रिज्या 1.12 पट झाली की तोच टॉर्क 11 टक्के कमी ढकलतो. मामा तलावाच्या पाळीवर भरलेली गाडी चढवताना हे लगेच जाणवते. चालक क्लच अर्धवट दाबून भरपाई करतो आणि त्याची किंमत क्लच मोजतो.

तिसरा परिणाम ब्रेकचा. याच्याबद्दल सगळ्यांत कमी बोलले जाते. ब्रेकही टॉर्कच देतो, फक्त उलट दिशेने. पायाचा दाब तोच असेल तर रस्त्यावरचे थांबवणारे बल 1.12 ने भागले जाते. शिवाय काटा 60 वर असताना गाडी 67 ने धावते आहे, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे ऊर्जा 1.12 च्या वर्गाने वाढली आणि बल 1.12 ने घटले. थांबायला लागणारे अंतर ऊर्जा भागिले बल. मग गुणोत्तराचा घन करायचा: 1.12 × 1.12 × 1.12, सुमारे 1.4. मीटरवर तोच वेग, ब्रेकवर तोच पाय, आणि ब्रेक लागल्यावर गाडी पूर्वी 28 मीटरांत थांबत असेल तर आता 39 मीटर घेईल. मधले अकरा मीटर म्हणजे दोन पिकअपची लांबी. टायर जड असल्याने ते फिरते थांबवायला लागणारी ऊर्जा आम्ही यात धरलेलीच नाही. चालकाने खरा वेग ओळखला आणि पाय जोरात दाबला तर हा फरक बराचसा भरून निघतो, हे खरे. चाक अडकून घसरू लागले की मर्यादा ब्रेकची नसून घर्षणाची होते, हेही खरे. पण पोत्यांनी भरलेल्या जुन्या गाडीत पाय आधीच पुरेसा दाबलेला असतो.

हा आकडा ऐकून आमचे मित्र जरा गप्प झाले. मग म्हणाले, "पण चिखलाचे काय?"

चिखलाचा प्रश्न आम्हाला जास्त आवडला, कारण त्याचे उत्तर वाटते तसे नाही. एका चाकावर 500 किलो भार आहे आणि हवा 35 पाउंड आहे असे समजा. टायर जमिनीला टेकतो ते क्षेत्रफळ, ढोबळमानाने, भार भागिले आतल्या हवेचा दाब. येते सुमारे 200 चौरस सेंटिमीटर. आता टायर रुंद घेतला पण हवा 35 च ठेवली, तर क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहते! ठसा फक्त लांबट होता तो आडवा होतो. हवा 20 वर आणली मात्र की त्याच जुन्या टायरचा ठसा पावणेदोन पट होतो. (टायरची कडही थोडा भार उचलते, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ काहीशी कमी.) म्हणजे फसण्यावरचा पहिला उपाय फुकट आहे. अट एकच: भार हलका करून, अगदी सावकाश जायचे आणि पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरायची. कमी हवेचा टायर वेगात धावला तर त्याची कड सतत दुमडून तापते आणि फुटते. गाडीत पंप नसेल तर हा उपाय करूच नये.

रुंदीबद्दल आणखी एक गोष्ट. धानाच्या बांधीत वर्षानुवर्षे चिखलणी झाल्याने वरच्या गाळाखाली वीतभर खोलीवर कठीण थर तयार झालेला असतो. अशा ठिकाणी अरुंद टायर गाळ कापून त्या थरावर टेकतो, तर रुंद टायर वरच तरंगायला पाहतो आणि गुळगुळीत फिरत बसतो. 1947 पासून मुंबईत जोडल्या जाऊ लागलेल्या विलीज जीपचे टायर जेमतेम सहा इंच रुंद होते, आणि तिला कोणी चिखलात कच्ची म्हटले नाही. मोठ्या व्यासाचा खरा फायदा म्हणजे आसावरचा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून उंच जातो. पण किती? व्यासातल्या वाढीच्या निम्म्याने, म्हणजे 42 मिलिमीटर.

आता "मागचे दोन आधी" या सल्ल्याकडे. साध्या गाडीत यामुळे मीटर आणि तोल बिघडेल इतकेच. पण या पिकअपमध्ये फोर व्हीलचा दांडा ओढला की पुढचा आणि मागचा आस गिअरने एकमेकांना घट्ट जोडले जातात. मधे फरक सोसणारे काही नसते. एका किलोमीटरला जुना टायर 452 फेरे घेतो, 31 इंची 404. जोडलेल्या आसांना मात्र सारखेच फिरावे लागते. किलोमीटरमागे हे 48 फेरे जायचे कुठे? चिखलात चाके घसरून ते पचवतात. कोरड्या रस्त्यावर ती घसरत नाहीत, आणि सगळा पीळ दांडे व गिअरमध्ये साठत जातो. दांडा सुटत नाही, मग काहीतरी तुटते. वरठीच्याच सनफ्लॅगच्या कारखान्यात वाहनांसाठी मिश्रपोलाद बनते, पण पोलाद कितीही चांगले असले तरी हा हिशेब त्याने सुटणारा नाही.

फरक एवढा मोठा असायलाच हवा असेही नाही. आठ मिलिमीटरची नक्षी झिजून दोनवर आली की व्यास बारा मिलिमीटरने घटतो. मग त्याच मापाचा झिजलेला टायर किलोमीटरला 460 फेरे घेतो, नवा 452. म्हणून अशा गाडीचे चारही टायर एकदम बदलावेत, आणि स्टेपनीही त्याच मापाची ठेवावी.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. साडेदहा इंची टायरला किमान सात इंची रिम लागते. मित्राची रिम सहाची होती. टायरच्या कडेवर भाराचा अंक असतो, 100 म्हणजे एका टायरला 800 किलो. नव्याचा अंक जुन्यापेक्षा कमी नको. तिथेच चार आकडी तारीख असते: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणाऱ्या टायरची ही तारीख आधी वाचावी. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल पाहता, निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलापासून दूर जाण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घेणे बरे.

शेवटी मित्राने 235/75 आर 15 मापाचे पाच टायर घेतले. गाडीच्या माहितीपुस्तिकेत हे माप पर्याय म्हणून दिलेलेच होते. व्यास 733 मिलिमीटर, गुणोत्तर 1.04, त्याचा घन 1.13. गाडी पंधरा मिलिमीटर उंच झाली, आणि एक पायपंप सीटखाली आला.

टायर बदलण्याआधी आणि नंतर भंडारा-तुमसर रस्त्यावर दहा किलोमीटरचे दगड मोजून आम्ही मीटर वाचला होता. जुन्या टायरवर 10.2 आले, नव्यावर 9.6. मित्राच्या नातवाने भागाकार केला आणि म्हणाला, "आजोबा, हे 0.94 येते. तुमच्या वहीत तर 0.96 आहे." आजोबांनी उत्तर दिले नाही. त्याच्या हातात मोजपट्टी दिली आणि त्याला अंगणात पडलेल्या जुन्या टायरकडे पाठवले.