आवडती रायफल आणि अडलेली नस्ती

निवृत्तीनंतर मी दिल्लीजवळच्या एका रायफल क्लबात जाऊ लागलो. तिथे नवा सदस्य आला की चहाच्या टेबलावर एक प्रश्न हमखास निघतो : ‘तुमची आवडती पॉइंट टूटू कोणती?’ कुणी जर्मन बनावटीचे नाव घेतो, कुणी आजोबांच्या जुन्या इंग्रजी रायफलीची आठवण काढतो. मला उत्तर द्यायला जरा वेळ लागतो, कारण या प्रश्नाची दुसरी बाजू मी पाहिली आहे. जिल्हा दंडाधिकारी या नात्याने मी शस्त्रपरवान्यांवर सह्या केल्या आहेत आणि एका परवान्यावर वेळेत सही केलेली नाही.

आधी वस्तूची ओळख करून देतो. .२२ रायफलीचे काडतूस ‘रिमफायर’ असते. म्हणजे ठिणगी देणारे रसायन काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी न ठेवता त्याच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेले असते. रायफलीचा खटका त्या कडेवर आदळतो आणि बार उडतो. कड चेपली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते आणि पितळ पातळ म्हणून आतला दाबही मर्यादित राहतो. रिकामे टरफल पुन्हा भरता येत नाही. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. स्पर्धेच्या काडतुसात तिचा वेग ध्वनीच्या वेगाच्या किंचित खालीच ठेवतात. धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, खर्चही मोठ्या काडतुसांच्या तुलनेत कमी. त्यामुळेच जगभर नेमबाजीचे प्राथमिक शिक्षण याच रायफलीवर होत आले आहे.

माझेही तिथेच झाले. एनसीसीच्या शिबिरात पोटावर पडून पाच गोळ्या झाडल्या, तेव्हा हातात लाकडी दस्त्याची साधी बोल्ट-ॲक्शन रायफल होती. ती मला बेतलेली नव्हती. मीच तिच्या मापात बसलो होतो. श्वास अर्धा सोडून थांबायचे आणि चाप ओढायचा नाही, हलकेच दाबायचा, हे तिने शिकवले. पुढे सरकारी आयुधनिर्माणीतली एक .२२ स्पोर्टिंग रायफल वापरली. दणकट आणि दुरुस्तीला सोपी. सरावाला उत्तम, पण स्पर्धेत पन्नास मीटरवरच्या चकतीतले दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, तिथे तिची मर्यादा उघडी पडते.

तिसरी रायफल क्लबातली जर्मन. आठ किलोपर्यंत वजनाची, गालाचा आधार वर-खाली होणारी, खांद्याची पट्टी पुढे-मागे सरकणारी. तिच्यावर कळले की रायफल निवडणे म्हणजे खरे तर तीन गोष्टी जुळवणे : शरीर, नळी आणि काडतूस. रिमफायरची काडतुसे घरी भरता येत नसल्याने कारखान्यातून आलेल्या प्रत्येक खेपेचा स्वभाव वेगळा असतो. एका खेपेच्या गोळ्या एकाच भोकातून जातात, तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या खेपेच्या फाकतात. म्हणूनच अव्वल नेमबाज आपली नळी थेट युरोपातल्या काडतूस कारखान्यांत नेऊन खेपा तपासतात आणि जुळलेली खेप विकत घेतात. या स्तरावर ‘आवडती रायफल’ ही हौस उरत नाही; पदक आणि सहावे स्थान यांतले अंतर तिच्यावर ठरते.

आपल्याकडे मात्र ही निवड खांद्यापर्यंत पोहोचण्याआधी एका नस्तीतून जाते.

माझ्या जिल्ह्यातली ती मुलगी बावीस वर्षांची होती. क्लबाच्या जुन्या रायफलीवर खेळून राज्याच्या संघात आली होती. रायफलीचा दस्ता तिला लांब पडायचा. स्वतःच्या .२२ साठी तिने अर्ज केला. पोलीस पडताळणी स्वच्छ आली. कार्यालयाने मात्र टिपणी ठेवली की, जिल्ह्याची कायदा-सुव्यवस्थेची स्थिती पाहता नवे परवाने देताना सावधगिरी इष्ट. मी शेरा मारला : ‘चर्चा करावी.’ चर्चा झाली नाही. निवडणूक आली, आचारसंहितेच्या काळात परवान्यांचे काम थांबले आणि लोकांची शस्त्रे ठाण्यांत जमा होऊ लागली. नंतर माझी बदली झाली. दोन वर्षांनी क्लबाचे सचिव भेटले, तेव्हा समजले की ती एका शाळेत क्रीडाशिक्षिका झाली आहे आणि स्पर्धा सोडून दिली आहे. तिने माझी तक्रार कधी केली नाही. मी नकार दिला असता तर तिला अपील तरी करता आले असते.

या प्रकरणात कायदा माझ्या आड आला, असे मला म्हणता येणार नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने .२२ ला पहिल्यापासून वेगळे वागवले आहे. कलम ३ एका व्यक्तीकडे किती शस्त्रे असावीत याची कमाल मर्यादा घालते. २०१९ च्या दुरुस्तीने ती तीनवरून दोनवर आणली. पण त्याच कलमाची पुढची उपधारा सांगते की, केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबाचा सदस्य लक्ष्यसरावासाठी .२२ रायफल वा एअर रायफल वापरत असेल, तर त्याला ही मर्यादा लागू नाही. १९६२ च्या नियमांतही कमी वेगाच्या रिमफायर रायफलींचा उल्लेख स्वतंत्रपणे होता. म्हणजे हे खेळाचे साधन आहे, ही जाण कायदा करणाऱ्यांना होती. ती जिल्ह्याच्या टेबलापर्यंत उतरली नाही. तिथे .२२ ची नस्ती आणि स्वसंरक्षणाच्या रिव्हॉल्व्हरची नस्ती एकाच गठ्ठ्यात, एकाच संशयाने बांधली जाते.

सवलती वाढल्या, त्याही वरून. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना सवलतीच्या प्रवर्गात बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या सातवरून बारावर नेली. होतकरू नेमबाजांना एकाऐवजी दोन शस्त्रांची मुभा मिळाली आणि .२२ काडतुसांची मर्यादा हजारावरून पाच हजारांवर गेली. हे सारे योग्यच. पण आयातीची वाट नामवंत नेमबाजांसाठी खुली आणि इतरांसाठी जवळपास बंद आहे. नामवंत व्हायला चांगली रायफल हवी आणि चांगली रायफल मिळायला नामवंत असायला हवे, असे हे चक्र आहे.

याचा परिणाम पदकांच्या यादीत दिसतो, असे माझे मत आहे. ठरावीक शक्तीच्या आतील .१७७ एअर रायफलीला परवाना लागत नाही. बंगल्याच्या गच्चीत किंवा शाळेच्या सभागृहात दहा मीटर जागा मिळाली की सराव सुरू होतो. अभिनव बिंद्रा यांचे २००८ चे सुवर्ण आणि गगन नारंग यांचे २०१२ चे कांस्य दहा मीटर एअर रायफलचेच. रिमफायर रायफलीत मात्र तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, जॉयदीप कर्माकर लंडनला चौथे आले, तरी ऑलिंपिक पदकासाठी देशाला ऑगस्ट २०२४ पर्यंत थांबावे लागले. पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकले. परवाना हे या विलंबाचे एकमेव कारण नव्हे. पन्नास मीटरच्या रेंजा कमी आहेत आणि काडतुसे महाग आहेत. पण पाया रुंद होऊ न देणाऱ्या कारणांत परवान्याचा क्रम वरचा आहे.

दुसरी बाजू मी हलकी मानत नाही. .२२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि माणूस मारू शकते. आवाज कमी म्हणून चोरट्या शिकारीला ती सोयीची पडते. नेमबाजांच्या नावावर घेतलेली काडतुसे भलत्याच हातांत गेल्याची प्रकरणे पोलिसांपुढे आली आहेत. ज्या देशात लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडल्या जातात, तिथे घरोघरी बंदूक जावी असे कोणताही शहाणा प्रशासक म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

म्हणूनच उपाय घरात शोधू नये, क्लबात शोधावा. स्वप्निल कुसाळे महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आले. थ्री पोझिशनमध्ये विश्वचषक स्पर्धेचे सुवर्ण जिंकणारे ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हे मध्य प्रदेश सरकारच्या भोपाळमधील अकादमीत घडले. दोन्हीकडे सार्वजनिक संस्थेने दार उघडले. प्रत्येक महसुली विभागात मान्यताप्राप्त क्लबाच्या शस्त्रागारात मापानुसार बदलता येणाऱ्या आठ-दहा रायफली सरकारी खर्चाने ठेवल्या, तर शस्त्र घरी न जाताही खेळाडूला रायफल मिळेल. परवान्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद आता आहेच. किती काडतुसे दिली आणि किती टरफले परत आली, याचा क्लबनिहाय हिशेब तिला जोडणे अवघड नाही. आणि ज्याला स्वतःची रायफल खरोखर हवी, त्याच्या अर्जावर मुदतीत लेखी होकार किंवा कारणासह नकार मिळावा. २०१६ च्या नियमांनी पोलीस अहवालाला आणि निर्णयाला मुदती घालून दिल्या आहेत. त्या मोडल्यास कुणाला जाब द्यावा लागतो, हे ठरवायचे राहिले आहे. ‘चर्चा करावी’ हा निर्णय नव्हे, एवढे तरी एखाद्या परिपत्रकात लिहून टाकावे.

आता त्या टेबलावरच्या प्रश्नाचे उत्तर. माझी आवडती रायफल क्लबाची ती जर्मनच आहे. रंग उडाला आहे, बोल्टच्या मुठीवर चरे आहेत. खांद्याच्या पट्टीजवळ चिकटपट्टीचे तीन तुकडे लावलेले आहेत. प्रत्येकावर एकेका नेमबाजाच्या मापाची खूण. माझी सर्वांत मागे. सर्वांत पुढची खूण एका सोळा वर्षांच्या मुलीची. वयामुळे तिला अजून पाच वर्षे स्वतःचा परवाना मिळणार नाही, पण प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करायला कायद्याची आडकाठी नाही. शनिवारी तिची पाळी माझ्या आधी असते. तिचे आटोपले की ती बोल्ट उघडा ठेवून रायफल टेबलावर ठेवते, पट्टी माझ्या खुणेवर सरकवते आणि म्हणते, ‘सर, झालं.’ गेल्या शनिवारी मी तिला सांगितले, पाळी बदलू नकोस, आणखी वीस गोळ्या झाड.